उत्तर वेशीची तळची फळी

मी एक जुनी फळी आहे. हुआय नदीच्या काठी शौ नावाचं तटबंदीचं शहर आहे, त्याच्या उत्तर वेशीची मी तळची फळी. हे ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे एखादी शूरवीर फळी उभी राहिली असेल तर तिला आधी खाली बसवा. मित्रांनो, मी मुळातच भित्री आहे. करवतीला भ्याले, पाण्याला भ्याले, आणि आगीला तर इतकी भ्याले की अजूनही जवळपास कुणी काडी ओढली की माझ्या रेषा न् रेषा ताठ होतात. तरीही माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे असं मला वाटतं, कारण ती माझ्या एकटीची नाही. माझ्याइतक्याच भित्र्या एका म्हाताऱ्याचीही आहे.

माझा जन्म दूर दक्षिणेच्या डोंगरातला. तिथल्या एका थोराड देवदाराच्या पोटात मी सुखात होते. एके दिवशी तो कोसळला, ओंडका झाला, आणि नदीतून, कालव्यातून तरंगत तरंगत इथवर आला. तराफ्यावरचे लोक भात शिजवत, भांडत, गात. आपल्याला कुठे नेताहेत हे मला कुणी सांगितलं नाही. पहिल्यांदा हा तट दिसला तेव्हा मनात आलं, इथली माणसं कुणाला तरी फार भीत असणार, त्याशिवाय एवढी उंच आणि एवढी जाड भिंत कोण बांधेल? मला वाटलं, शत्रूला भीत असतील. शत्रूही आले होते म्हणा. शेकडो वर्षांत कितीतरी सैन्यं ह्या तटाखाली येऊन बसली आणि कंटाळून उठून गेली. पण नदी कंटाळत नाही, ती दर पावसाळ्यात वर येऊन बघते, हे मला इथे आल्यावर कळलं.

उत्तर वेशीला दोन कमानी आहेत, एकीमागे एक, आणि त्या मुद्दामच एका रेषेत बांधलेल्या नाहीत. आत शिरणाऱ्याला मध्येच वळावं लागतं. गाढवांच्या गाड्या तिथे अडकतात, गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरतात, पण ते वळण कधी कुणी सरळ केलं नाही. कारण पूर आला तर पाण्यालाही तिथे वळावं लागतं आणि वळता वळता त्याची रग जिरते. आतल्या कमानीच्या दोन्ही बाजूंच्या दगडांत उभ्या खाचा आहेत, एक जोडी नदीकडे, एक शहराकडे. पुराच्या वेळी त्या खाचांत वरून एकेक फळी सोडायची, एकीवर एक रचत फळ्यांच्या दोन भिंती उभ्या करायच्या आणि मधल्या पोकळीत पिवळी माती ठोकून ठोकून भरायची. मग वेस बंद झाली असं म्हणायचं.

त्यातल्या शहराकडच्या भिंतीची मी सगळ्यांत खालची फळी. वरच्या सगळ्या बहिणींचं वजन माझ्यावर, आणि ओल्या मातीतून येणारा पाण्याचा रेटाही माझ्यावरच. म्हणून मला जाड कापली, एकसंध कापली, गाठी टाळून कापली. तरी एक गाठ राहिलीच. सुतार म्हणाला, "राहू दे. माणसाच्या मनातही एखादी असतेच." मग त्यानं छिन्नीनं माझ्या अंगावर एक चिनी अक्षर कोरलं, त्याचा अर्थ 'आकाश'. फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून आकाश, धरती, सूर्य, चंद्र अशी नावं देत, आणि पहिलं नाव तळच्या फळीला मिळे.

"नाव आकाश आणि मुक्काम चिखलात," असं म्हणून त्याचा जोडीदार पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. आपली जागा नेमकी कुठे आहे ते मला त्या क्षणी कळलं.

पण मित्रांनो, माझी चांगली वर्षंही होती. सहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी आमच्या शहरात सगळं काही उन्हात घालतात. गोधड्या, लोकरी कपडे, पुस्तकं, आजीच्या लग्नातली पेटी, सगळं. त्याच दिवशी तटावरच्या कोठीतून आम्हा फळ्यांनाही बाहेर काढत. वेशीची राखण त्सुइ घराण्याकडे होती. त्सुइंची माणसं आम्हाला पुसत, पाणी मुरू नये म्हणून तुंग झाडाच्या बियांचं तेल चोळत, आणि मग एकेकीला खाचेत सोडून बघत. पूर असो वा नसो. नीट बसते का, हलते का, फट राहते का. शेवटी घरातला सगळ्यांत म्हातारा माणूस बोटाच्या पेरानं प्रत्येकीवर टकटक करी आणि कान लावून ऐके. आवाज टणक आला की मान हलवून पुढे जाई. पोरं आमच्यावर बसून कलिंगड खात आणि बिया आमच्याच अंगावर थुंकत. वर्षातल्या त्या एका दिवशी मला भीती वाटत नसे, कारण माझ्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे हे मला ठाऊक असे.

त्या काळात मी काही पूर पाहिले. प्रत्येक वेळी मला वाटे की आता मी मोडणार, आणि प्रत्येक वेळी पाणी उतरल्यावर लोक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "भली खंबीर आहे." खंबीर कसली, भीतीनं काष्ठ झाले होते.

मग एक वर्ष असं उजाडलं की सरकारच्या हुकमानं गावोगावी लोखंड वितळवायच्या भट्ट्या पेटल्या. भट्टीला सरपण लागे. झाडं संपली, दारं संपली, शवपेट्यांसाठी जपून ठेवलेली लाकडं संपली, आणि एके दुपारी काही माणसं कोठीत शिरून आम्हाला गाडीवर लादू लागली. गाडी वेशीच्या त्या वळणावर नेहमीसारखी अडकली, म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे. तिथे पांग देशुन उभा होता. तेव्हा तो तिशीतला, टोफूच्या, म्हणजे सोयाच्या दुधाच्या पनीराच्या, सहकारी दुकानात कामाला होता.

"ती जाडी फळी मला द्या," तो गाडीवाल्यांना म्हणाला. "टोफू दाबायला काही उरलं नाही. संध्याकाळी तुम्ही टोफूच खाणार ना? का लोखंड चावणार?"

ते हसले आणि त्यांनी मला खाली ढकललं. माझ्या बहिणी, धरती आणि सूर्य, पुढे गेल्या. त्यांचा तडतड आवाज मला पांगच्या अंगणात पडल्या पडल्या ऐकू आला. उरलेल्या फळ्या मात्र वाचल्या. त्सुइ छांगहे, म्हणजे त्या पिढीचा वेशीचा राखणदार आणि पांगचा लहानपणापासूनचा मित्र, त्यानं त्यांच्यावर गवत रचलं, गवतावर डुकरीण आणि तिची पिल्लं बांधली, आणि कुणी विचारलं की म्हणे, "हा गोठा आहे, दिसत नाही का?" मी मात्र भट्टीत गेले असंच त्सुइ समजला.

वातावरण निवळलं की मला परत करायचं, असं पांगच्या मनात नक्की होतं. तो तसं पुटपुटायचासुद्धा. पण टोफू दाबला की निघणारं पाणी माझ्यावर साचायचं, टोफू आंबायचा, आणि दुकानाचा मुख्य त्याच्यावर डाफरायचा. शेवटी एकदा वैतागून त्यानं हातातल्या गिरमिटानं मला भोकं पाडली. एक भोक, दुसरं भोक, अशी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगच. प्रत्येक भोकाला मी किंचाळले, पण फळीच्या किंचाळण्याचा नुसता भुसा पडतो. शेवटचं भोक नेमकं माझ्या गाठीत गेलं आणि तिथे बारीक तडा गेला.

तो तडा बघून पांग भानावर आला. वेशीच्या फळीला भोक पाडणं म्हणजे आमच्याकडे बापाच्या थडग्याला कुदळ लावण्यासारखं. त्यानं मला उलटं केलं, अक्षराची बाजू खाली घातली, आणि त्यावर टोफूच्या चौकटी मांडून टाकल्या. त्या दिवसापासून आम्ही दोघे भीत भीत जगू लागलो.

त्सुइ रोज सकाळी टोफू घ्यायला यायचा. माझ्यासमोर उभा राहायचा. त्यानं धरती आणि सूर्य नव्यानं करून घेतल्या होत्या, पण माझ्याएवढं जाड लाकूड मिळालं नाही, म्हणून माझ्या जागी दोन तुकडे लोखंडी पट्ट्यांनी जोडून एक फळी केली होती. तिचं त्याला कायम वाटायचं.

"पांग्या, जोड तो जोडच रे," तो म्हणायचा. "आमची आकाश असती तर मला झोप लागली असती."

पांगच्या हातातली सुरी टोफूत वाकडी जायची. "मऊ हवा का घट्ट?" एवढंच तो विचारायचा.

वर्षं गेली. दुकानं पुन्हा ज्याची त्याची झाली. पांगनं वेशीच्या आत पहिल्याच घरात स्वतःचं दुकान थाटलं आणि मला तिकडे नेलं. वेशीत लाकडी फळ्या सोडून बघायचा सहाव्या महिन्यातला दिवस हळूहळू मागे पडला. नदीवर वरच्या अंगाला बंधारे झाले होते, लोक म्हणायचे आता कसला पूर. त्सुइ एकटाच दरवर्षी तेलाचा डबा घेऊन कोठीत जायचा, पण आता फळ्या उचलायला त्याला माणसं मिळत नसत.

पांगच्या मुलाचं लग्न झालं आणि यिनलिएन घरात आली. ती नावाड्यांची मुलगी, होडीतच वाढलेली, हाताला जड आणि जिभेला तिखट. मुलगा दूरच्या शहरात इमारतींच्या कामावर गेला, दुकान सासरा-सुनेनं चालवलं. ती मला रोज घासायची, वरून आणि खालूनही. माझ्या पोटावरचं अक्षर तिच्या बोटांना पहिल्याच आठवड्यात लागलं.

"बाबा, ह्या फळीवर 'आकाश' का कोरलंय?"

"सुताराचं नाव असेल," पांग म्हणाला आणि जात्याकडे निघून गेला. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती ते अक्षर जरा हळू घासायची.

आणि मग तो पावसाळा आला. पाऊस लागला तो थांबेचना. शहराबाहेरची बागोंगची टेकडी दिसेनाशी झाली. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं डोक्यावर गोधड्या, काखेत कोंबड्या, पाठीवर म्हाताऱ्या घेऊन वेशीतून आत येऊ लागली. नदीचं पाणी शेतांवरून चालत येतंय असं ती सांगत होती, आणि सांगताना मागे वळून बघत होती. शेवटी भोंग्यांवरून सांगण्यात आलं की वेशी बंद होणार. मी दुकानात टोफूच्या चौकटींखाली पडून सगळं ऐकत होते आणि माझं लाकूड गार पडलं होतं.

यिनलिएन बाहेरून धावत आली. केसांतून पाणी गळत होतं.

"बाबा, चौकटी उतरवा."

"अजून निथळायचाय."

"बाबा, जोडलेली फळी फुटली. खाचेत सोडली आणि मधोमध उघडली. त्सुइ काका चिखलात बसलेत नुसते. तळच नाही तर वरच्या फळ्या ठेवायच्या कशावर? आणि बाहेरून लाकूड आणायला रस्ताच राहिला नाही."

पांगनं फडकं पिळलं. पुन्हा पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"मला वाचता येतं, बाबा," यिनलिएन हळू म्हणाली. "रोज घासते मी तिला."

म्हाताऱ्यानं फडकं खाली ठेवलं. "तिची चाळण केलीय मी, पोरी. ती लावली की लोक म्हणतील, सापडली एकदाची, आणि निर्धास्त होतील. त्यापेक्षा नसलेली बरी."

"नसली तर वेस उघडी. ते बरं?"

"मला त्सुइसमोर नेऊ नकोस."

"तुम्हाला कुठे नेतेय? फळीला नेतेय. पण एकटीला उचलत नाही. मागचं टोक धरा."

त्यानं धरलं. चौकटी खाली घसरल्या, अर्धाकच्चा टोफू जमिनीवर सांडला आणि त्यातून चालत त्या दोघांनी मला पावसात बाहेर काढलं. कितीतरी वर्षांनी मी वेशीकडे निघाले होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला फक्त माझी भोकं आठवत होती.

त्सुइनं मला पालथी केली, अक्षरावर तळवा ठेवला, मग भोकांवरून बोट फिरवत फिरवत गाठीपर्यंत आला. त्यानं पेरानं टकटक केलं आणि कान लावला.

"पांग्या," तो वर न बघता म्हणाला, "मी रोज सकाळी तुझ्याकडे यायचो."

"हो."

"हाताच्या अंतरावर होती ही."

"हो."

"टोफू मात्र चांगला द्यायचास." त्सुइ उठला आणि त्यानं हात झटकले. "लाकूड अजून टणक आहे. शिव्या नंतर देतो, बऱ्याच आहेत. आधी भोकं बुजवा."

ते काम यिनलिएननं अंगावर घेतलं. होडीची भोकं बुजवताना ती लहानपणापासून बघत आली होती. तुतीच्या लाकडाच्या खुंट्या तासल्या, त्यांना तागाचे धागे गुंडाळले, तेल आणि चुन्याचं लुकण लावलं आणि लाकडी हातोड्यानं एकेक ठोकून बसवली. गाठीतल्या भोकापाशी ती थांबली. तिथे खुंटी ठोकली की तडा रुंदावत होता, नाही ठोकली की खुंटी सैल राहत होती.

"ही रडणार," ती म्हणाली. "किती रडेल ते सांगता येत नाही."

मला खाचेत सोडलं. दगडाचा तो थंड स्पर्श मी विसरले नव्हते. माझ्यावर बहिणी आल्या, एकीवर एक, आणि मग मागच्या पोकळीत मातीचं पहिलं घमेलं पडलं. धप्प. धप्प. माणसं गाणं म्हणत माती ठोकत होती आणि प्रत्येक ठोक्याबरोबर मी मनात म्हणत होते, मला बाहेर काढा, मी तशी फळी उरले नाही.

पाणी आलं ते आवाज न करता आलं. मला वाटलं होतं गर्जना होईल. तसं काही नाही. आधी पलीकडच्या भिंतीतल्या फळ्या कुरकुरल्या, मग माझ्या पाठीमागची माती जड व्हायला लागली, आणि जड होतच राहिली. तटावर चढलेले लोक खाली येऊन सांगत की बाहेर समुद्र झालाय, झाडांचे नुसते शेंडे दिसताहेत, होड्या आपल्या छपरांच्या वरून चालल्यात. साप तटावर येऊन गुंडाळी करून बसले होते आणि त्यांना कुणी मारत नव्हतं. इकडे गावात चुली पेटत होत्या, नूडल्स शिजत होत्या, पोरं खेळत होती. पण वेशीजवळून जाताना प्रत्येक जण पाय न वाजवता चाले. जोरात पाऊल टाकलं तर वेस जागी होईल असं त्यांना वाटत असावं.

आणि मी रडायला लागले. गाठीतल्या भोकातून एक थेंब आला, मग त्यामागून दुसरा.

पांगनं दुकानातून आपलं बुटकं स्टूल आणलं आणि एक पांढरा चिनी मातीचा वाडगा आणला. वाडगा माझ्या गाठीखाली ठेवला आणि समोर बसला. सोयाचं दूध उतू जातंय का, फाटतंय का, हे त्यानं जन्मभर असंच बघितलं होतं. वाडगा भरला की उजेडाकडे धरायचा, बघायचा, ओतून द्यायचा.

"स्वच्छ आहे," तो म्हणायचा. कुणी विचारलं नाही तरी म्हणायचा.

झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर ते नुसतं पाणी असतं. गढूळ झालं तर समजायचं की आतली माती वाहून निघाली, पोकळी पडायला लागली, आणि मग वेस तासाभराचीच सोबती. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. म्हणून सगळं गाव पांगच्या तोंडाकडे बघत जायचं.

यिनलिएन जेवण घेऊन यायची. "बाबा, जरा घरी जाऊन पाठ टेका. मी बसते."

"मी उठलो आणि तेव्हाच काही झालं तर?"

"तुम्ही बसल्यानं ती फुटायची थांबणार आहे का?"

"ते मला माहीत नाही," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर उठत नाही."

त्सुइही आपलं स्टूल घेऊन आला. कबूल केलेल्या शिव्या तो रोज दुपारी थोड्या थोड्या देई. "आजच्या वाट्याच्या," असं म्हणून सुरुवात करी. चोरा, टोफूच्या किड्या, उलट्या काळजाच्या. पांग मान खाली घालून ऐकून घेई. मग दोघे एकाच ताटलीतले खारे शेंगदाणे खात, आणि त्सुइ अधूनमधून मला टकटक करून बघे.

तो दिवस मी कधी विसरणार नाही. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं, लोकांच्या चेहऱ्यांवर थोडी तरतरी आली होती. माझ्या पाठीमागे मात्र काहीतरी सरकत होतं. मातीचा एकेक कण सुटून माझ्या गाठीकडे येत होता. मला ओरडायचं होतं. इथे बघा, माझ्याकडे बघा. मी फक्त गळत राहिले.

पांगनं वाडगा उजेडाकडे धरला. मग डोळे पुसले आणि पुन्हा धरला. वाडग्यातलं पाणी पिवळसर होतं, पातळ दुधासारखं. त्यानं वाडगा नुसता त्सुइच्या हातात दिला, आणि त्सुइनं उठून घंटा बडवली.

क्षणात गल्ली माणसांनी भरली. कुणी मातीचे गोळे आणले, कुणी वाळूची पोती, कुणी घरातली गादी. जो तो माझ्या गाठीवर काहीतरी थापायला धावत होता. इतक्यात पाटबंधारे खात्याची इंजिनिअर बाई चिखलातून धडपडत आली. तीही किती दिवस झोपली नव्हती.

"बुजवू नका," ती ओरडली. "तोंड बंद केलंत तर पाणी शेजारून फोडेल. पाणी येऊ द्या. माती अडवा."

"पाणी येऊ द्या?" एक जण खेकसला. "बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

ती समजावत होती, पण बोलताना तिला धाप लागली होती आणि कुणाच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. गोळा घेतलेले हात पुन्हा पुढे यायला लागले. तेव्हा पांग स्टुलावरून उठला आणि माझ्यापुढे आडवा झाला.

"बाई म्हणतायत तो टोफू आहे," तो म्हणाला.

"काय?"

"टोफू रे. फडक्यात घालून दाबला की पाणी निघून जातं आणि टोफू आत राहतो. फडकं नसलं तर सगळंच वाहून जातं. आणि फडक्याऐवजी पत्रा ठोकलास तर चौकट फुटते." तो इंजिनिअर बाईकडे वळला. "असंच ना?"

"असंच, आजोबा," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "फडकं, त्यावर वाळू, वाळूवर खडी, आणि वर वजन."

"यिनलिएन, सगळी फडकी आण. शेजाऱ्यांचीही आण."

आमची गल्ली टोफूवाल्यांचीच. घराघरातून फडकी आली. धुतलेली, न धुतलेली, आंबूस वासाची. ती माझ्यावर थरावर थर चढली. मग वाळू, मग खडी, मग बोरूच्या चटया, मग टोफूच्या चौकटी, आणि चौकटींवर दाबायचे दगड. जन्मभर मी टोफू दाबत आले, आणि त्या दिवशी टोफूवाल्यांनी मला दाबून धरलं. सगळ्यात शेवटी पांग स्वतः पाठ लावून त्या ढिगाला टेकून बसला. त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की ते मला सगळ्या थरांमधून ऐकू येत होतं. माझ्यासारखं भिणारं कुणीतरी इतक्या जवळ आहे, एवढाच मला आधार होता.

वाडगा पुन्हा खाली ठेवला. पहिला भरला तो गढूळ. दुसरा गढूळ. त्यानंतरचा जरा कमी. ऊन कमानीतून हळूहळू मागे सरकत गेलं. उजेड जायच्या आत यिनलिएननं आणखी एक वाडगा उचलला आणि सासऱ्याच्या डोळ्यांपुढे धरला.

पांगनं बराच वेळ बघितलं. "स्वच्छ आहे," तो म्हणाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. यिनलिएन तिथेच ओल्या जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबावा तसं फडक्याचं टोक कोंबून रडली. त्सुइनं पांगच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आजच्या वाट्याच्या राहिल्या. उद्या देतो."

पाणी उतरलं. मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या पाठीवर चिखल वाळला होता आणि बाहेरची शेतं करडी झाली होती. बाहेरच्या लोकांनी खूप काही गमावलं होतं, म्हणून शहरात कुणी उत्सव केला नाही. पुढच्या वर्षी सहाव्या महिन्यात मात्र पांग आणि त्सुइ दोघे म्हातारे मला उन्हात घेऊन बसले. एकानं तेल चोळलं, दुसऱ्यानं टकटक केलं. हे किती तरी वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात पांग गेला. त्यानंतर फार दिवस काढले नाहीत त्सुइनंही.

मित्रांनो, आता वेशीत पोलादी दार आहे. बटण दाबलं की उतरतं. मला कमानीवरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं आहे. लांबून लांबून लोक तट बघायला येतात, तटावरून सायकली चालवतात, आमच्या गल्लीत गरम टोफू खातात, आणि मग वर येऊन माझ्यासोबत फोटो काढतात. माझ्या गाठीखाली तो पांढरा वाडगा आहे. यिनलिएननंच तो आणून ठेवला. लोकांना वाटतं तो नवसाचा असावा, म्हणून ते त्यात नाणी टाकतात आणि डोळे मिटून काहीतरी मागतात.

यिनलिएन आता म्हातारी झाली आहे. दरवर्षी ती तेलाची बाटली घेऊन जिना चढायची. यंदा सहाव्या महिन्याचा सहावा दिवस आला आणि गेला. जिन्यावर तिची पावलं वाजली नाहीत. मी दिवसभर वाट बघितली. खाली पोलादी दारही कुणी उतरवून बघितलं नाही. दाराची रबरी पट्टी एका बाजूला सुटली आहे, इथून मला दिसते. तिथे बोट घालून पोरं खेळतात. परवापासून पाऊस लागला आहे, आणि मी पुन्हा घाबरले आहे.

माझं कौतुक करू नका, मित्रांनो. माझ्यासारख्या फळ्या तुमच्याही गावात असतील, लाकडाच्या किंवा पोलादाच्या, कुठेतरी खाली, चिखलात, नजरेआड. त्यांच्यापुढे हात जोडू नका. वर्षातून एकदा त्यांना बाहेर काढा, टकटक करा आणि कान लावून ऐका. आणि कधी आमच्या शौ शहरात आलात, तर त्या वाडग्यात नाणी टाकू नका. आधीची काढून घ्या, वाडगा रिकामा करा, खाली दाराच्या त्या सुटलेल्या पट्टीखाली ठेवा, आणि वाकून एकदा बघा, पाणी स्वच्छ आहे का.